विषय : नातीच्या परदेशस्थ शेणकामाबाबत सविस्तर खुलासा

मु. आइंडहोवन, नेदरलँड्स

तीर्थरूप अण्णा व तीर्थरूप सौ. आई यांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

संदर्भ : सौ. आईने फोनवर विचारलेला प्रश्न, "एवढं पैसं घालून पोरीला शेण काढायला पाठवली व्हय?"

विकास सोसायटीचे चेअरमनपद भूषविलेल्या व्यक्तीला 'विषय' आणि 'संदर्भ' यांवाचून आलेला कागद वाचवत नाही, हे जाणून प्रस्तुत खुलासा अहवालाच्या रीतीने मांडला असून, त्यात पत्रलेखकाच्या, म्हणजे ज्येष्ठ चिरंजीवाच्या, वैयक्तिक भावनांना जाणीवपूर्वक वाव दिलेला नाही. सूनबाईंच्या मते तसा वाव दिला असता तर पत्र पोस्टात टाकण्याजोगे उरले नसते. संदर्भातील प्रश्नाचे एका शब्दात उत्तर 'होय' असे आहे. परंतु ते शेण कोणत्या नियमाखाली, कोणत्या हेतूने आणि किती गुणांसाठी काढले जाते याची फोड केल्याशिवाय त्या 'होय'चा वाळवे तालुक्यात भलताच अर्थ लावला जाण्याचा संभव असल्यामुळे हा विस्तार करावा लागत आहे.

नात ज्या वाखेनिंगेन विद्यापीठात शिकते तेथे शेतीच्या उच्चशिक्षणाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी असून, पदव्युत्तर विद्यार्थ्याने वर्गाबाहेर प्रत्यक्ष काम करून अनुभव घ्यावा, त्यावर अहवाल लिहावा आणि मग त्याला गुण मिळावेत, अशी तेथे व्यवस्था आहे. या कामास इंटर्नशिप, म्हणजे उमेदवारी, असे म्हणतात. गुण मोजण्याचे एकक 'क्रेडिट' हे असून नेदरलँड्समध्ये एक क्रेडिट म्हणजे अठ्ठावीस तासांचे काम, असे कोष्टक आहे. तेव्हा २४ क्रेडिटांच्या उमेदवारीसाठी ६७२ तास भरावे लागतात आणि त्या तासांत गोठा झाडण्याचा तासही धरला जातो. परसातल्या गोठ्यात आईने लग्न झाल्यापासून जे काम केले त्याचा हिशेब याच दराने मांडला तर तिला किती पदव्या देणे लागते, हे नातीने कागदावर करून पाहिले होते. उत्तरामुळे विद्यापीठाची पंचाईत होईल म्हणून ते येथे नमूद केलेले नाही.

आता जागेविषयी. नात ज्या शेतावर उमेदवारी करते ते फ्लेव्होलँड प्रांतात आहे, आणि या प्रांताची पहिली अडचण अशी की तो काही दशकांपूर्वी अस्तित्वातच नव्हता. त्या ठिकाणी 'झाउडरझे' नावाचा समुद्राचे मोठे आखात होते. १९३२ साली बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून त्याचे तोंड बंद करण्यात आले आणि पुढे आतील पाण्याचा एकेक भाग बंधाऱ्यांनी वेढून, पंपांनी उपसून कोरडा करण्यात आला. अशा रीतीने पाण्यातून काढलेल्या, सभोवतालच्या पाण्यापेक्षा खोल असलेल्या जमिनीला 'पोल्डर' म्हणतात. पूर्व फ्लेव्होलँड १९५७ मध्ये आणि दक्षिण फ्लेव्होलँड १९६८ मध्ये कोरडे झाले. चिखल लवकर वाळावा म्हणून त्यावर विमानातून बोरूसारख्या गवताचे बी पेरण्यात आले, त्याची मुळे पाणी शोषत राहिली, आणि काही वर्षांनी सरकारने स्वतः पिके घेऊन जमीन वहितीयोग्य झाल्याची खात्री केल्यावरच ती शेतकऱ्यांच्या हवाली केली. नांगरताना बुडालेल्या जहाजांचे सांगाडे लागत. त्यांची संख्या चारशेच्या वर आहे. नात सध्या समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली उभी राहून गाजरे भांगलते, ही गोष्ट आईला सांगावी की नाही याबद्दल घरात मतभेद होते. परंतु पंप चालू आहेत, वीजकपात नाही, आणि बांधाची देखरेख करणारी पाणीमंडळे या देशाच्या सरकारापेक्षाही जुनी आहेत, हे ध्यानात घेता काळजीचे कारण नाही.

अशी नवी जमीन कोणाला द्यावी हा प्रश्न उत्तरेकडच्या, १९४२ साली कोरड्या झालेल्या पोल्डरपासूनच उभा राहिला होता. अर्ज भरमसाट येत, आणि सरकारी निरीक्षक उमेदवाराची शेतीची जाण, भांडवल आणि कागदपत्रे तपासून तेवढ्यावर न थांबता थेट त्याच्या घरी जाऊन घर कसे ठेवले आहे, बायकोचा संसार टापटिपीचा आहे की नाही, हेही पाहून येत. थोडक्यात, मुलगी बघायला यावे तसे शेतकरी बघायला येत आणि पोहे न खाता जात. वाटणीच्या कोर्टकचेऱ्यांवाचून, भावकीच्या सहीवाचून आणि बांधावरच्या भांडणावाचून एखाद्या मुलखाची जमीन वाटली जाऊ शकते, यावर अण्णांचा विश्वास बसणार नाही, याची पत्रलेखकास कल्पना आहे.

जमिनीच्या बाबतीत मात्र एक धागा थेट कृष्णाकाठाशी जुळतो. वाळवे-मिरज पट्ट्यात उसाला पाटाचे पाणी मोकाट सोडून रान क्षारपड झाल्यावर ज्या सच्छिद्र पाइपा जमिनीखाली पुरून खारे पाणी बाहेर काढण्याचा उपाय करण्यात येतो, तोच उपाय येथे साऱ्या प्रांताला लागू आहे; शेताखाली ठरावीक अंतराने अशा पाइपांच्या ओळी असून त्या बांधालगतच्या चरात उघडतात, चराचे पाणी कालव्यात, कालव्याचे पंपाने वर. तिकडे आधी जमीन होती आणि माणसाने पाणी सोडून ती घालवली. इकडे आधी पाणी होते आणि माणसाने ते उपसून जमीन केली. खालच्या रानात पाइपा घालायच्या प्रस्तावावर अण्णा गेली काही वर्षे "बघू" असे म्हणत आहेत. नातीने त्या विषयावर टिपण तयार केले असून ते या पत्रासोबत नाही, पण येणार आहे.

हे शेत 'बायोडायनॅमिक' प्रकारचे आहे. सेंद्रिय शेती म्हणजे रासायनिक खत व कीटकनाशक न वापरता केलेली शेती, हे अण्णांना ठाऊक आहे. बायोडायनॅमिक शेती ही सेंद्रिय शेतीच्या पुढे एक पायरी चढते, आणि काहींच्या मते त्या पायरीवरून पाय घसरतो. तिचा प्रवर्तक रुडॉल्फ श्टायनर हा ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक होता, शेतकरी नव्हता. त्याने १९२४ च्या जून महिन्यात कोबरविट्झ या, तेव्हा जर्मनीत आणि आता पोलंडमध्ये असलेल्या गावी जमीनदारांपुढे आठ व्याख्याने दिली, त्यांतून ही पद्धत निघाली, आणि पुढील वसंत ऋतूत तो वारला, त्यामुळे शंका विचारण्याची सोय राहिली नाही. शेत हे स्वतःपुरते पूर्ण असावे, जेवढी गुरे तेवढे खत आणि जेवढा चारा तेवढी गुरे, हा त्यातला गाभा आहे आणि तो अण्णांच्या वडिलांना कोणी व्याख्यान न देताही पटलेला होता. या शेतमालाला 'डेमेटर' नावाचे प्रमाणपत्र असते. डेमेटर ही ग्रीकांची धान्यदेवता. प्रमाणपत्राची एक अट अशी की गायीची शिंगे काढायची नाहीत. इतर बहुतेक डच गोठ्यांत वासरू लहान असतानाच त्याची शिंगे डागून टाकतात, कारण दाटीवाटीच्या गोठ्यात शिंगे असली की गायी एकमेकींना इजा करतात. येथे शिंगे राखायची म्हटल्यावर प्रत्येक गायीला जास्त जागा द्यावी लागते. अण्णांच्या गोठ्यातली 'एचएफ' गाय ज्या मुलखातून आली तो फ्रिजलँड प्रांत येथून फार दूर नाही. परंतु तिच्या माहेरीच हे शेतकरी जुन्या, कमी दुधाच्या पण काटक जातीची, तांबडी-पांढरी शिंगाळ गाय पाळतात, ही गोष्ट डेअरीच्या संकलन केंद्रावर सांगू नये.

शिंगांचे खरे महत्त्व याहून पुढे आहे. मेलेल्या गायीच्या पोकळ शिंगात ताजे शेण दाबून भरायचे, सप्टेंबरअखेरीस ती शिंगे जमिनीत पुरायची, हिवाळाभर तशीच ठेवायची आणि वसंतात उकरून काढायची. आत जे काळे, वास नसलेले, मऊसूत खत तयार होते त्याला '५०० क्रमांकाचे मिश्रण' म्हणतात. मागच्या ४९९ क्रमांकांचे काय झाले, असा प्रश्न आईने विचारल्यास त्यास येथे कोणीही समाधानकारक उत्तर दिलेले नाही. हेक्टरी मूठ-दोन मुठी एवढे ते खत कोमट पाण्यात घालून अखंड एक तास ढवळावे लागते. ढवळण्याची रीत ठरलेली आहे: काठीने पाणी एका दिशेने गरगरा फिरवून मध्यभागी तळापर्यंत भोवरा पडू द्यायचा, भोवरा पुरता पडला की एकदम दिशा उलटी करायची, पाणी खवळते, फेसाळते, आणि मग उलट्या दिशेचा भोवरा पडू लागतो. नातीच्या वाट्याला लाकडी पिंप आले होते. पहिली दहा मिनिटे ती हसत होती, पुढची वीस गप्प होती, आणि तास संपला तेव्हा दोन्ही दंड भरून आल्यामुळे तिला पाण्याचा पेला उचलवत नव्हता; शेजारी शेतमालकीणबाई मात्र साठी ओलांडूनही एका लयीत ढवळत राहिल्या होत्या. पिंपातले पाणी नंतर केरसुणीसारख्या कुंच्याने शेतावर शिंपडतात, तेही संध्याकाळी. अमरावतीकडील सुभाष पाळेकर यांच्या जीवामृतात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती दोनशे लिटर पाण्यात घालून घड्याळाच्या दिशेने ढवळतात, ही माहिती नातीने तेथे सांगितली तेव्हा बेसनाबद्दल फार कुतूहल व्यक्त झाले, आणि एका दिशेनेच का, अशी शंकाही.

या शेतात पेरणीचे वेळापत्रक भिंतीवर टांगलेले असते. मारिया थून नावाच्या जर्मन बाईंनी १९६० च्या दशकात सुरू केलेले हे पंचांग चंद्राच्या राशीप्रमाणे दिवसांची वाटणी करते: चंद्र वृषभ, कन्या किंवा मकर राशीत असताना मुळांचा दिवस, म्हणजे गाजर, बीट, मुळा यांचा, कर्क, वृश्चिक, मीन असताना पानांचा, मिथुन, तूळ, कुंभ असताना फुलांचा, आणि मेष, सिंह, धनू असताना फळांचा. पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी या तत्त्वांच्या राशी कोणत्या, हे दाते पंचांगाच्या कोणत्याही वाचकाला तोंडपाठ असते, त्यामुळे नातीने हे कोष्टक पाहताक्षणी म्हणून दाखवले आणि तिच्याविषयी शेतावर जो आदर निर्माण झाला तो तिच्या दोन वर्षांच्या विद्यापीठीय अभ्यासाने झालेला नव्हता. मृगाचे वाहन बेडूक असल्यास पाऊस चांगला, हे तिने पुढे सांगितले नसते तर बरे झाले असते. मालकांनी ते वहीत लिहून घेतले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण अण्णा 'भोंदूगिरी' हा शब्द उच्चारण्याच्या बेतात असतील. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ थेरविल येथे १९७८ पासून एकाच जमिनीवर बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक अशा पद्धती शेजारी-शेजारी ठेवून तुलना चालू आहे. पहिल्या एकवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यांनुसार सेंद्रिय पद्धतींत उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी घटले, पण खत आणि ऊर्जेचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी, तर कीटकनाशकांचा ९७ टक्क्यांनी कमी झाला, आणि मातीतले जीवजंतू वाढले. यांतले किती श्रेय साध्या शेणखताला, पालटून घेतलेल्या पिकांना आणि किती शिंगाला, हा वाद चालू असून पत्रलेखकाचा कल शेणाच्या बाजूने आहे. नातीचे मत असे की तासभर ढवळणाऱ्या माणसाला त्या तासात शेताकडे नुसते बघत राहण्यावाचून दुसरे काम नसते, आणि बघितल्यामुळे जे कळते ते पिंपाच्या नावावर जमा होते. हे मत तिने अहवालात घातले आहे. शेतमालकीणबाईंना अद्याप दाखवलेले नाही.

शेणाच्या अर्थशास्त्राकडे वळल्यास आईच्या प्रश्नाला निराळेच परिमाण लाभते. नेदरलँड्स हा सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकवस्तीचा, महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा देश असून त्यात सुमारे ३७ लाख गुरे आणि एक कोटीच्या आसपास डुकरे आहेत. त्यामुळे शेण-मूत इतके होते की ते जिरवायला जमीन पुरत नाही. हेक्टरी वर्षाला जनावरांच्या खतातून १७० किलोपेक्षा जास्त नायट्रोजन घालू नये, असा युरोपीय नियम असल्याने जादा शेण दुसऱ्याने घेऊन जावे म्हणून शेतकरी पदरचे पैसे मोजतो. वाळव्यात शेणखताची ट्रॉली दारात यावी म्हणून आगाऊ रक्कम देऊनही हेलपाटे घालावे लागतात, आणि येथे तीच ट्रॉली दारातून जावी म्हणून पैसे द्यावे लागतात, हे ऐकून आईच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते पाहण्यासाठी तरी व्हिडिओ कॉल करावा, असा सूनबाईंचा आग्रह आहे. या नायट्रोजनने देशाचे राजकारणही नासले. मे २०१९ मध्ये येथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारचा परवाने देण्याचा कार्यक्रम रद्द ठरवला, गुरे कमी करण्याची भाषा सुरू झाली, आणि ऑक्टोबरात ट्रॅक्टर घेऊन शेतकरी हेगला निघाले तेव्हा देशभरातल्या रस्त्यांवर मिळून हजार किलोमीटरांहून अधिक वाहतूक तुंबली. २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत तर शेतकऱ्यांच्या नावाने निघालेला नवा पक्ष पहिला आला. ऊसदरासाठी महामार्ग अडवण्याचा अनुभव असलेल्या जिल्ह्याला यात नवे काही वाटणार नाही. नवे एवढेच की येथे भांडण उत्पन्न कमी होते म्हणून नव्हे, तर शेण जास्त होते म्हणून आहे.

भांगलणीविषयी मात्र सावकाश लिहिणे भाग आहे. तणनाशक बंद असल्याने गाजर आणि कांद्यातले तण हातानेच काढावे लागते, आणि गाजराचे रोप इतके नाजूक असते की यंत्राच्या फाळांना ओळींमधले तण निघते पण ओळीतले राहते. गाजर उगवण्याआधी एकदा गॅसच्या ज्योती जमिनीवरून फिरवून अगोदर वर आलेले तण भाजून घेतात. त्यानंतरचे काम माणसाचे. त्यासाठी येथे 'तणखाट' म्हणावे असे एक वाहन आहे: चाकांवर एक रुंद चौकट, वर छप्पर, कधी छपरावर सौरपट, आणि चौकटीत ओळीने गाद्या. भांगलणाऱ्याने गादीवर पालथे पडायचे, कपाळ टेकायला पट्टा, दोन्ही हात खाली मोकळे, आणि वाहन गोगलगायीच्या वेगाने आपोआप पुढे सरकत असताना तोंडाखालून जाणाऱ्या ओळीतले तण दोन्ही हातांनी उपटत जायचे. पाठ दुखत नाही, ऊन लागत नाही, पण थांबण्याचा अधिकार भांगलणाऱ्याकडे नसतो, आणि एखादे मुळाचे तण पक्के बसले असेल तर ते हातात येईपर्यंत शेजारची चार निसटलेली असतात. हेक्टरी शंभरावर तास सहज जातात. शेजारच्या गादीवर पोलंडहून आलेला एक वयस्क मजूर होता. तो पालथा पडल्या-पडल्या झोपी गेला आणि हात चालू राहिले, असे नातीने शपथेवर कळवले आहे. आईचे यावर म्हणणे फोनवरच कळले होते, ते असे की झोपून भांगलण्याची कल्पना एखाद्या पुरुषाचीच असणार. आक्षेप एवढाच नोंदवायचा की खाटेवर पडून बोलताना माणसाचे तोंड मातीकडे असल्यामुळे गप्पा रंगत नाहीत, आणि गप्पांवाचून भांगलण होऊ शकते यावर वाळव्यातील कोणत्याही बाईचा विश्वास बसणार नाही.

पिकांची मांडणी पट्ट्यापट्ट्यांनी आहे. तीन किंवा सहा मीटर रुंदीचा एक पट्टा बटाट्याचा, पुढचा गव्हाचा, मग गवत-तिपानीचा, मग कोबीचा, मग भोपळ्याचा. उद्देश असा की रोग आणि किडी एका पट्ट्यातून दुसऱ्यात सहज उडी मारू शकत नाहीत आणि मित्रकिडींना जवळच आसरा मिळतो. वाखेनिंगेनमध्ये यावर बरेच संशोधन झाले आहे. ज्वारीत तुरीच्या ओळी घालणाऱ्या पणजोबांनी हेच केले होते, फक्त त्यांच्या बैलाला उपग्रहाकडून सेंटिमीटरच्या अचूकतेने दिशा मिळत नव्हती. बटाट्यावर करपा आला तर येथे तांब्याचे औषधही मारता येत नाही, कारण सेंद्रिय शेतीत इतरत्र चालणारे ते औषध नेदरलँड्समध्ये वर्ज्य आहे. करप्याला दाद न देणारी जात लावायची, आणि तरीही आलाच तर पाला जाळून टाकायचा, एवढे दोनच उपाय. दरवर्षी तपासनीस येतो, वह्या तपासतो, पावत्या मोजतो, रानात हिंडतो. चावडीत बसून पीकपेरा भरण्याची कला अवगत असलेल्या कोणाही कर्मचाऱ्याला येथे नोकरी मिळणे कठीण आहे.

खाण्यापिण्याबाबत आईला खोटे सांगण्यात अर्थ नाही. गरम जेवण दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाला. दुपारी पाव, त्यावर चीज, किंवा लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे, जे येथे थोरामोठ्यांनाही शोभते असे मानतात. दहाच्या कॉफीबरोबर बिस्किट एक. डबा पुढे धरून लगेच झाकण लावतात, त्यात अपमानाचा हेतू नसतो. ताक मात्र मुबलक आणि चांगले आहे. भोपळ्याचे पीक उदंड असल्याने नातीने एका रविवारी घारगे केले, तेव्हा कॉफीच्या वेळी ती एकेक घेण्याची रूढी मोडून परात रिकामी झाली आणि मालकांनी वही घेऊन कृती विचारली. आईने फोनवर सांगितलेल्या कृतीत "मावेल तेवढी कणीक" असा उल्लेख असल्यामुळे ती किती ग्रॅम मावते, यावर दोन्ही देशांत तीन वेळा फोन झाले. शेवटी नातीने काटा लावून वजन केले. ते आईला मान्य नाही, कारण भोपळा आज जेवढे पाणी सोडतो तेवढे उद्या सोडत नाही. डच बाजूने हा मुद्दा ग्राह्य धरून वहीत भोपळ्याच्या ओलाव्यासाठी निराळा रकाना आखण्यात आला.

शेतावर आठवड्यातून काही दिवस बाहेरची माणसे येतात, त्यांतली काही गतिमंद, काही वृद्ध, आणि काही चांगल्या पगाराच्या नोकरीत काम करून-करून मन थकलेली. अशा शेतांना 'काळजीचे शेत' असे समजावे. देशात ती हजाराहून अधिक आहेत, आणि त्यांचा खर्च बहुधा सरकारी आरोग्यव्यवस्थेतून होतो. पत्रलेखकाच्याच व्यवसायातला एक संगणक अभियंता तेथे सकाळी कोंबड्यांना दाणे घालतो आणि दुपारी ढकलगाडीने खत वाहतो, आणि त्याची तब्येत सुधारते आहे. हे पाहून आल्यापासून सूनबाई पत्रलेखकाकडे अधूनमधून निरखून पाहतात.

विद्यापीठाने वाचायला सांगितलेल्या पुस्तकांत एक नाव पाहून मात्र घरात आनंद झाला. सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून ज्यांना मान दिला जातो त्या सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला, होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर, पालापाचोळा, शेण, मुताने भिजलेली माती आणि राख थरांनी रचून, वेळोवेळी चाळवून तीनेक महिन्यांत खत करण्याची 'इंदूर पद्धत' बसवली. आणि १९३१ मध्ये त्यावर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव छापलेले आहे. म्हणजे शेण कसे कुजवावे हे युरोपला शिकवण्यात जो वाटा होळकरांच्या इंदूरचा आहे, त्याची उजळणी करायला वाळव्याच्या मुलीला फ्लेव्होलँडला जावे लागले. नातीने त्याच उत्साहात अण्णांना पाचट पेटवू नये, कुजवावे, असे फोनवर बजावले होते. अण्णांनी "हां" म्हटले. त्या "हां"चा अर्थ पत्रलेखकास लहानपणापासून ठाऊक आहे.

मराठी मंडळाच्या गणपतीत इतरांची मुले कोठे उमेदवारी करतात याची चौकशी होते. कोणाचा मुलगा चिपा बनवणारी यंत्रे करणाऱ्या कंपनीत, कोणाची मुलगी ॲमस्टरडॅमच्या बँकेत. "आणि तुमची?" यावर सुरुवातीला "शेतावर" असे सांगितले की समोरच्या वहिनींची नजर आरतीच्या ताटाकडे वळत असे. आता सूनबाई "मातीतल्या कर्बावर" असे सांगतात. नजर वळत नाही, आणि प्रसादाचे दोन मोदक जास्त मिळतात.

आता कामाचे. नातीच्या अहवालात रासायनिक खत येण्यापूर्वीची शेती पाहिलेल्या एका शेतकऱ्याची मुलाखत जोडणे आवश्यक असून तिच्यासाठी अण्णांची निवड सर्वानुमते झालेली आहे. एकरी किती गाड्या शेणखत पडे, रान किती वर्षांनी पडीक ठेवत, पहिले युरियाचे पोते कोणत्या साली आले आणि त्या वर्षी काय वाटले, बैल किती होते आणि ते कोणत्या क्रमाने गेले, हे प्रश्न आहेत. उत्तरे ठरावाच्या भाषेत नकोत, बोलल्यासारखी हवीत, असा तिचा निरोप आहे. येथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे साडेनऊ होतात. तिचे जेवण त्याच वेळी असल्याने अण्णांनी जागे राहून दहानंतर फोन घ्यावा. खालच्या रानातल्या मातीचा परीक्षण अहवाल कपाटात सोसायटीच्या फायलीखाली आहे, तो आधी शोधून ठेवावा.

बाकी सर्व क्षेम. तिकडील खुशाली कळवावी. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
ज्येष्ठ चिरंजीव

ता. क. : सूनबाईंच्या नणंदबाई येत्या महिन्यात येणार असल्याचे समजले. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशास दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई असून तुपाचाही त्यात समावेश होतो, तरी आईने तुपाचा डबा साड्यांच्या घडीत ठेवून देऊ नये. मागच्या वेळचा डबा कस्टमने काढून घेतला, हे नातीने आजीला सांगितले नाही, सूनबाईंनीही नाही, म्हणून येथे लिहावे लागत आहे. लोणच्याला आडकाठी नाही. कैरीचे दोन किलो पाठवावे. शेतमालकीणबाईंनीही एक बरणी सांगितली आहे आणि त्या तिच्यात मीठ किती ग्रॅम, हे विचारणार आहेत.